सड्यावरचा कंटाळा

सर, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली, वय ३९. घरची आंब्याची कलमं आहेत, सीझनला पेट्या भरायचं सगळं माझ्याकडे असतं. काही वर्षं नेमाने पळते आहे. मॅरेथॉन झाल्या, एकदा ५० किलोमीटरही झालं. गेल्या डिसेंबरात आपल्याच किनाऱ्यावरच्या पाच दिवसांच्या शर्यतीत उतरले होते, रोज ४० ते ४५ किलोमीटर. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी पूर्णगडचा पूल ओलांडला, गावखडीची चढण चढले, कशेळी-आडिवऱ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आले आणि संपलंच. पाय दुखत होते, पण चालवेना असं नव्हतं. दमही लागला नव्हता. नुसता कंटाळा. तोच रस्ता, तेच वाळलेलं गवत, तोच कातळ. एका एसटीच्या शेडमध्ये पाच मिनिटं म्हणून बसले. थोड्या वेळाने राजापूरची गाडी आली आणि मी चढले. आयोजकांना फोन गाडीतून केला.

येत्या डिसेंबरात परत नाव दिलंय. पायांची तयारी चांगली चालू आहे, पण त्या सड्याची आठवण आली तरी नको वाटतं. गाणी ऐकून बघितली, तासाभरात त्यांचाही कंटाळा येतो. सासूबाई म्हणतात, ज्याचा कंटाळा येतो ते पैसे भरून करायचं कशाला? त्यांना काय सांगू? मिस्टर म्हणतात, मी स्कूटर घेऊन बरोबर राहतो, गप्पा मारत जाऊ. तसं करू का? आणि कंटाळ्यावर खरंच काही इलाज असतो का?

— कंटाळलेली, देवगड

*

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पायांबद्दल लिहिलंत, दमाबद्दल लिहिलंत, गवताचा रंगसुद्धा लिहिलात. शेवटचं काय खाल्लं होतं आणि त्याला किती वेळ झाला होता, ते मात्र लिहिलेलं नाही. माझा अंदाज सांगतो. सकाळी रत्नागिरीकडून निघून त्या सड्यावर पोचायला तुम्हाला अकरा-साडेअकरा झाले असतील. ऊन डोक्यावर. पावसच्या आसपास काहीतरी तोंडात टाकलं असेल, त्यानंतर पुलाच्या नादात, चढणीच्या नादात राहून गेलं असेल. चुकत असेन तर सोडून द्या. पण बहुतेक नसेन.

आपल्या शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा असतो साधारण २००० कॅलरींचा. एका लांब पळण्यात तो बराचसा उडतो आणि एका रात्रीच्या जेवणाने पूर्ण भरून येत नाही. म्हणून अशा शर्यतीत तिसऱ्या दिवशी माणूस सकाळी निघतो तोच अर्ध्या टाकीवर. मेंदू साखरेवर चालतो. ती कमी पडायला लागली की पायांच्या आधी मनच बसतं. भूक लागली असं वाटतच नाही. उलट अन्न नकोसं होतं, आणि सगळं फोल वाटायला लागतं. त्या क्षणी विचारलं तर पळणारा शपथेवर सांगेल की मला कंटाळा आलाय.

मागे एकदा मी अशाच एका शर्यतीत एका मुलाच्या मदतीला मोटरसायकल घेऊन होतो. चौथा दिवस, मालवणच्या अलीकडचा सडा. हा पठ्ठ्या रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. बूट काढले, मोजे काढले, मोजे उलटे करून नीट झटकले आणि मला म्हणाला, "काका, माणूस एवढं धावतो कशासाठी? शेवटी काय हातात राहतं?" वय चोवीस. मी काही बोललो नाही. डब्यात उकड्या तांदळाची पेज होती, कोमट. मीठ घातलेली, वर लोणच्याची फोड. आधी नको म्हणाला. मग दोन घोट घेतले, मग डबाच तोंडाला लावला. तळाची शितं बोटाने पुसून खाल्ली. वर एक गुळाचा खडा दिला. पंधरा मिनिटं गेली असतील. मोजे घालता घालता विचारतो, "काका, मॅचचं काय झालं हो?" सगळं तत्त्वज्ञान पेजेत विरघळलं होतं.

तर पहिला नियम हाच. कंटाळा आला की आधी खायचं, मग त्याच्याशी बोलायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत, आणि पहिल्या तासापासून. दोन वेलची केळी आणि तळहाताएवढी फणसपोळी म्हणजे जवळपास तासाचं काम झालं. फणसपोळी, आंबापोळी ही आपल्याकडची फार सोयीची गोष्ट आहे. खिशात मावते, वितळत नाही, चावायला कष्ट नाहीत. लोक महागड्या जेलच्या पाकिटांमागे लागतात आणि घरात पोळीचे डबे भरलेले असतात! काजू मात्र पळताना नकोत. चरबी जास्त, पचायला वेळ लागतो, ते रात्री खा. शहाळं जरूर प्या, पण घामातून मीठ जातं ते शहाळ्याने भरून येत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम कमी. त्यासाठी मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस हवं. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नका. तहानेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरलं तर सुस्ती, मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ अशी लक्षणं येतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. बांगड्या-अंगठ्या अचानक घट्ट व्हायला लागल्या तर ती खूण समजा.

दुसरा बहुरूपी म्हणजे ऊन. डिसेंबर असला तरी आपल्याकडे दुपारी पारा तिशीच्या वर जातो, हवेत दमटपणा, आणि सड्यावर सावली नावाला नाही. जांभा दगड तापला की खालूनही झळ लागते. त्या वेळी शरीर स्वतःच वेग कमी करायला सांगत असतं, आपल्याला मात्र ते 'नको झालंय' असं ऐकू येतं. डोक्यावर, मानेवर पाणी ओता, टोपी भिजवा, पंधरा मिनिटं चाला. तेवढ्याने कंटाळा गेला तर तो कंटाळा नव्हताच.

तिसरी झोप. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडायचं, शेजारी चार जण घोरणारे, त्यात उद्याची धास्ती. तिसऱ्या दिवसापर्यंत झोपेची उधारी चांगलीच वाढलेली असते आणि दुपारी ती वसुलीला येते. कानात घालायचे बोळे न्या, ही फार स्वस्तातली तयारी आहे. दुपारी डोळे मिटायलाच लागले तर आंब्याखाली पंधरा मिनिटं आडवं व्हा. पाय गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर टेकवून, गजर लावून, बरोबरच्या कुणाला तरी सांगून. डुलकी काढायला लाजू नका. झोपेत पळणारा माणूस डंपरला दिसत नाही.

हे तिन्ही बाजूला काढूनही जो उरतो तो खरा कंटाळा. तो उरतोच, हेही आधीच सांगतो. कुणी म्हणालं की मला लांब पळताना कधीच कंटाळा येत नाही, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात १९९७ पासून ३१०० मैलांची एक शर्यत होते. पाच हजार किलोमीटरला थोडे कमी. ती होते एका शाळेभोवतीच्या फुटपाथवर. एक फेरी ८८३ मीटरची, अशा ५६४९ फेऱ्या, मुदत ५२ दिवस. सकाळी सहा ते मध्यरात्री बारा एवढ्या वेळात पळायचं, रोजचे सरासरी ९६ किलोमीटर पडतात. तोच कोपरा, तोच सिग्नल, तेच कुंपण. दिशा मात्र रोज बदलतात. आज उजवीकडून फिरायचं, उद्या डावीकडून. त्यामुळे दोन्ही पायांवर सारखा भार पडतो, आणि तेवढाच बदल. तिथे ५६४९ हा आकडा डोक्यात घेऊन कुणी पहिली फेरी मारत असेल तर तो पहिल्याच दिवशी घरी जाईल.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, ताई. सडा लांब असतो म्हणून कंटाळा येत नाही, सड्यावर आपण वजाबाकी करत बसतो म्हणून येतो. आज अजून सतरा राहिले, उद्याचे चव्वेचाळीस, परवाचे एक्केचाळीस. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि परत बेरीज-वजाबाकी. गावातून जाताना, समुद्रकाठाने जाताना हा हिशेब आपोआप मोडतो. कुत्रं भुंकतं, कुणी पोर हाक मारतं, मासळीचा टेम्पो आडवा येतो. सड्यावर मोडणारं कुणी नसतं. म्हणून तो आपण मोडायचा.

आणि हे तुम्हाला येतं, बरं का. एप्रिलात पेट्या भरायला बसता तेव्हा समोर आंब्याचा ढीग असतो आणि संध्याकाळपर्यंत तेच काम. तुम्ही ढिगाकडे बघत बसता का? हातातलं फळ घ्यायचं, देठ बघायचा, डाग बघायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, आपल्या जागी ठेवायचं, दुसरं उचलायचं. ढीग कधी संपला ते कळत नाही. पळतानाही हाताला असंच बारकं, परत परत करायचं काम द्यायला हवं.

१९७७ मध्ये मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकन संशोधकांनी नावाजलेल्या मॅरेथॉन धावपटूंना विचारलं होतं की पळताना डोक्यात काय चालू असतं. आपल्यासारखे हौशी लोक बहुतेक मन दुसरीकडे नेतात, गाणी म्हणतात, घराचे बेत करतात. अव्वल मंडळी मात्र मन शरीरावर ठेवून असतात: श्वास कसा चाललाय, खांदे ताठले का, पाऊल कसं पडतंय. दोन्ही रीती उपयोगाच्या आहेत, आणि पाच दिवसांत दोन्ही लागतात. पण लोक मन दुसरीकडे न्यायच्याच मागे असतात आणि ते खाद्य लवकर संपतं. तुमच्या गाण्यांचं तेच झालं. म्हणून सकाळची वेळ शरीराला द्या. वरून खाली एक फेरी मारायची. जबडा सैल आहे का, मुठी आवळल्या आहेत का, पाण्याच्या पिशवीचा पट्टा काचतोय का, डाव्या टाचेत खडा आहे का. खडा असेल तर तिथल्या तिथे थांबून काढायचा. 'पुढे बघू' म्हटलेला खडा संध्याकाळी फोड होऊन भेटतो.

नजरही जवळ ठेवा. सड्यावर लांबचा मोबाईलचा टॉवर दिसतो आणि माणूस त्याच्याकडे बघत पळतो. अर्धा तास पळालं तरी तो आहे तिथेच. त्याला बघूच नका. दहा-पंधरा मीटर पुढचा रस्ता बघा, गडगा बघा, गवतातून उठणारा चंडोल बघा. टिटवी तर तुम्हाला बघून ओरडणारच, तिची बोलणी खाऊन घ्या. पावसाळ्यानंतर कातळावरची डबकी सुकत जातात त्यांचे काठ बघा, दर डबक्याचा रंग वेगळा. कशेळीच्या त्याच सड्यावर कातळात कोरलेला अवाढव्य हत्ती आहे, पोटात इतर प्राणी कोरलेला. कधीतरी मुद्दाम, शर्यत नसताना जाऊन बघा. ज्या सड्यावर बघण्यासारखं काही नाही असं आपण म्हणतो, तिथे कुणीतरी उकिडवं बसून दिवसचे दिवस दगड कोरत होतं. त्यांना कंटाळा येत होता की नाही कोण जाणे!

घड्याळाचं असं करा. किलोमीटर दाखवणाऱ्या भागावर चिकटपट्टी लावा. खरंच लावा. फक्त दर पंचवीस मिनिटांनी गजर ठेवा. वीस मिनिटं पळायचं, पाच चालायचं, चालताना खायचं-प्यायचं, परत वीस. दिवस मग ४३ किलोमीटरचा राहत नाही, पंचवीस-पंचवीस मिनिटांचा होतो, आणि पुढची पाच मिनिटं नेहमी हाताशी असतात. चढणीला गजराची वाट बघू नका, घाटी चालूनच चढा.

आता आरत्या. हसू नका. गणपती आलेच आहेत, तुमच्या घरी रोज रात्री पहिल्या आरतीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळं होत असणारच. कोकणातल्या माणसाला पाऊण तासाच्या आरत्या तोंडपाठ असतात, ही केवढी मोठी शिदोरी आहे! सड्यावर ती सोडा. मोठ्याने नको, दम लागेल. ओठांतल्या ओठांत, पावलाच्या ठेक्यावर, ओळीने, एकही न गाळता. मध्ये एखादं कडवं आठवलं नाही तर त्यातच दोन किलोमीटर जातात. किलोमीटर विचारणाऱ्याला सांगा, दोन आरत्यांवर गाव आहे. पंढरीला पायी जाणाऱ्यांच्या दिंडीत टाळ उगाच नसतो, इतक्या माणसांना इतके दिवस चालतं ठेवायचं तर पावलाला ठेका लागतोच. देवाधर्मात रस नसेल तर पाढे म्हणा, शाळेतल्या कविता म्हणा, नात्यातल्या सगळ्यांची वयं काढा. पाठ असलेलं आणि क्रमाने जाणारं काहीही चालेल.

गाणी बंद करा असं नाही म्हणत. राखून ठेवा. सकाळी ताजं असताना कानात गाणी लावायची आणि दुपारी गरजेला ती शिळी झालेली, असं बऱ्याच जणांचं होतं. दुपारी बाराच्या आधी काही ऐकायचं नाही असं ठरवून टाका. आणि गाण्यांपेक्षा माणसांचं बोलणं जास्त टिकतं. पाच-सहा मैत्रिणींना, बहिणीला, भाच्यांना आत्ताच सांगून ठेवा की प्रत्येकाने दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. काहीही बोला, गावच्या गजाली, भांडणं, कुणाचं लग्न कुठे अडलंय. डाउनलोड करून ठेवा, कारण सड्यावर रेंजचा भरवसा नाही, आणि ऐकायचं फक्त तिथेच. पुढच्या गजालीत काय असेल या उत्सुकतेवर माणूस बराच पुढे जातो. फक्त एकच कान, तोही आयोजकांची परवानगी असेल तर. चिऱ्याचे ट्रक आणि डंपर त्या रस्त्याने सुसाट जातात. उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा.

सोबत मिळाली तर घ्या, पण माणूस बघून. रडणाऱ्याबरोबर अर्धा तास पळालात तर तुम्हीही रडायला लागता. बिनदिक्कत पुढे जा किंवा मागे राहा, शर्यतीत त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

आता बसण्याचा नियम. शेडमध्ये बसायला हरकत नाही, पण गजर लावून आणि काहीतरी खात. बसलेल्या जागी शर्यत सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. सोडायचीच असेल तर पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत चालत जाऊन, तिथे माणसांसमोर सोडायची. बरेचदा त्या चालण्यातच विचार बदलतो. नाही बदलला तर सोडा, त्यात कमीपणा काही नाही. आणि फोन आयोजकांना आधी, एसटी नंतर. तुम्ही गाडीत चढलात तेव्हा मागे कुणीतरी तुम्हाला रस्त्याकडेला शोधत असणार. अपवाद एकच: चक्कर, बोलण्यात गोंधळ, उलट्या थांबत नाहीत, लघवी काळपट, अंग तापलंय आणि वागण्यात काही वेगळंच जाणवतंय, असं काहीही असेल तर एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, तिथूनच मदत मागायची. आणि दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन पळू नका. घामाने सुकलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला महाग पडतात.

तयारीचं थोडक्यात. पाय तयार आहेत म्हणता, मग कंटाळ्याचाही सराव करा. आठवड्यात एकदा शाळेच्या मैदानावर दोन तास, फोन नाही, घड्याळ पिशवीत, अर्ध्या तासाने दिशा बदलायची. बघणारे विचारतील, विचारू दे. ऑक्टोबरच्या उन्हात एखादा सराव दुपारी अकरा ते एक असा काढा, पाणी आणि मीठ सांभाळून. शनिवार-रविवार पाठोपाठ लांब पळा, कारण दमलेल्या पायांवर सकाळी निघायचं कसं हे दुसऱ्या दिवशीच कळतं. शनिवारचं पळणं कितीही चांगलं झालं तरी ते शिकवत नाही.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी ते मेलबर्न या ८७५ किलोमीटरच्या शर्यतीत ६१ वर्षांचा क्लिफ यंग नावाचा बटाट्याचा शेतकरी उतरला होता. घरच्या मेंढ्या गमबूट घालून पायी वळणारा. लोक हसले आणि तो ५ दिवस १५ तासांत पहिला आला. त्याने झोप कमी घेतली म्हणून जिंकला असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. मला मात्र वाटतं की मोठ्या रानात मेंढ्यांमागे तासन्‌तास जाणाऱ्या माणसाला हायवेचं काय वाटणार? नाक्यावरच्या जिममधून आलेल्यांपेक्षा तुम्ही त्याच्या जास्त जवळच्या आहात.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, त्याला उडवून लावू नका. मी त्यांना एवढंच सांगेन की पाच दिवसांतला कंटाळा वेगळा आणि पाच महिन्यांचा वेगळा. रोज सकाळी बूट घालतानाच तुमच्या जिवावर येत असेल, तर त्यांचं ऐका आणि नाव मागे घ्या. पण तुम्ही परत नाव दिलंत, तेही सड्याची आठवण ताजी असताना. सासूबाईंनी या वयात मुंबईहून सगळ्यांना बोलावून गणपतीची एवढी उस्तवार कशाला करायची, असं कुणी विचारलं तर त्या काय उत्तर देतील? तेच तुमचंही समजा. फार खुलासे देत बसू नका, नाहीतर खुलासे देण्यातच सराव बुडेल.

राहिले मिस्टर. हौस चांगली आहे, पण दिवसभर स्कूटर शेजारी नको. एक तर बऱ्याच शर्यतींत ते चालत नाही, आधी नियम विचारून घ्या. दुसरं म्हणजे पळणाऱ्याच्या वेगाने स्कूटर चालवणं हा त्यांनाच मोठा कंटाळा होईल, आणि दुपारपर्यंत तुम्ही दोघं भांडत असाल. तिसरं, स्कूटरचं सीट दर क्षणी रिकामं दिसत राहील, एसटीची तरी वाट बघावी लागत होती. त्यापेक्षा त्यांना दोन जागा ठरवून द्या. गावखडीची चढण संपते तिथे एक आणि आडिवऱ्याला देवळापाशी एक. मधला सडा तुमचा तुम्ही करा. भेटल्यावर त्यांनी किती झालं, किती राहिलं, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. 'कशी आहेस' असंही विचारायचं नाही, कारण तुम्ही खरं सांगाल. काय खाल्लंस, कधी खाल्लंस, एवढंच विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी पेजेचा डबा हातात द्यायचा. पेजेत मीठ घरच्यापेक्षा अंमळ जास्त घाला म्हणावं.